जुन्या रॉकचा रिफ रॅपमध्ये: कापून घ्यावा की वाजवून?

बीट_फोंडा
मराठी रॅपचा ट्रॅक चालू आहे, ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके). १९७०च्या दशकातल्या एका रॉक गाण्याचा चार बारचा (चार आवर्तनांचा) गिटार रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी छोटी धून, लूप करून सतत फिरवत ठेवलाय, मूळ वेग साधारण ८०. लूप दुसऱ्या फेरीपासून ड्रमच्या पुढेमागे होतो आणि खाली ८०८ (ड्रम-मशीनचा खोल बेस) टाकला की सगळं गढूळ होतं. प्रसिद्ध करायचं तर परवानगी कोणाची?

म्हापसा_मिक्स
तेव्हाचे बहुतेक बँड क्लिकशिवाय (ठोके मोजून देणाऱ्या मेट्रोनोमशिवाय) वाजवायचे, त्यामुळे सबंध रिफला एकच बीपीएम लागू पडत नाही. प्रत्येक बारचा पहिला ठोका कानाने शोध, बार वेगवेगळे काप, मग ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेषांवर) बसव. कापलेल्या टोकाला पाच-दहा मिलिसेकंदांचा फेड दे, नाहीतर टक्‌ आवाज येतो.

८० वरून ९० म्हणजे १.१२५ पट. टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून वेग बदलणं) न करता नुसता वेग वाढवलास तर सूर जवळपास दोन सेमीटोन (अर्धसूर) चढतो. चढू दे. स्ट्रेचमध्ये पिकचा ठोका मऊ पडतो आणि रिफची सगळी जान त्या ठोक्यातच असते. ८०८ मात्र नव्या सुरात लाव. टेपवरची गाणी कित्येकदा ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण सुरावर नसतात, म्हणून आधी ट्यूनरवर बघ आणि फरक असेल तेवढे सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) ८०८च सरकव.

गढूळपणा मूळ बेसचा आहे. रिफवर १२० हर्ट्‌झचा हायपास (त्याखालचे खर्ज आवाज काढणारा फिल्टर) लाव.

कुडतरीकर
कव्हरचं (जुनं गाणं नव्याने गाऊन-वाजवून रेकॉर्ड करण्याचं) लायसन्स काढ की. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी त्यासाठीच आहे.

मडगांव_सहातारा
३१सी इथे चालणार नाही, बाब. पहिल्या रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटल्यावर ते लागू होतं आणि मूळ रचनेत बदल करू देत नाही. रिफवर नवे शब्द म्हणजे बदलच.

हक्क दोन. ध्वनिमुद्रण लेबलचं, रचना गीतकार-संगीतकाराची किंवा त्यांच्या प्रकाशकाची. कापून घेतलं तर दोन्ही परवानग्या हव्यात, स्वतः वाजवलं तर फक्त रचनेची. पफ डॅडीच्या १९९८च्या ‘कम विथ मी’मध्ये लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’चा रिफ खुद्द त्यांच्या गिटारवादक जिमी पेजनेच नव्याने वाजवला. उलट त्याच्याच ‘आय विल बी मिसिंग यू’मधली गिटार ‘द पोलीस’ या बँडच्या रेकॉर्डवरून उचललेली. ती बोटं बँडच्या गिटारवादक अँडी समर्सची, पण रचनेवर नाव एकट्या गायक स्टिंगचं, म्हणून रचनेचे पैसे स्टिंगकडे जातात.

कापण्यात खरा अर्थ आहे तो ड्रमसाठी. लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये, वर टांगलेल्या दोन माइकवर घेतलेले. त्या जागेचा घुमारा पुन्हा वाजवून मिळत नाही. बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९८६मध्ये ‘रायमिन अँड स्टीलिन’साठी ते रेकॉर्डवरूनच घेतले. गिटार रिफचं तसं नसतं, आणि गोव्यात चांगल्या गिटारवाल्यांचा तोटा नाही.

बीट_फोंडा
देव बरें करूं. वाजवूनच घेतो. जुना टोन कसा आणायचा?

मडगांव_सहातारा
गेन (अँपमधली आवाज फाटवणारी पातळी) वाटतो त्यापेक्षा कमी ठेव, अँपचा आवाज वाढव. रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाक. कॉपी-पेस्ट करू नकोस, तो मोनोच ऐकू येतो. ८ किलोहर्ट्‌झच्या वर थोडं काप. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि बाराव्या फ्रेटपाशी सूर सोडतात, तेव्हा नव्या तारा आदल्या दिवशीच चढवून नीट ताणून ठेव.