मदत हवी आहे: रीहीटिंग फर्नेसचं सिम्युलेशन, तापमान जास्तच येतंय

फ्लुएंट (प्रवाह आणि ज्वलनाचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) वापरणारं कोणी आहे का इथे? एका रोलिंग मिलच्या बिलेट रीहीटिंग फर्नेसचं (लाटण्याआधी पोलादाच्या कांड्या तापवायची भट्टी) मॉडेल करतोय, नॅचरल गॅस, हवा रिक्युपरेटरमधून (धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारं यंत्र) ३५० डिग्रीला येते, स्टेडी स्टेट. मॉडेल्स अशी: टर्ब्युलन्सला रिअलायझेबल के-एप्सिलॉन, ज्वलनाला एडी डिसिपेशन, रेडिएशनला डीओ (डिस्क्रीट ऑर्डिनेट्स), गॅस रेडिएशन किती शोषतो त्यासाठी डब्ल्यूएसजीजीएम. फ्लेम २३५० सेल्सिअस दाखवतंय, जे मिथेनला या प्रीहीटवरही जमायला नको, आणि छताजवळच्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणारा सेन्सर) जागी १३९०, प्लँटमध्ये तिथे १२४० दिसतं.

मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) बारीक करून झाली, फरक शून्य. वन-स्टेप रिअॅक्शनऐवजी सीओवाली टू-स्टेप (आधी कार्बन मोनॉक्साइड, मग कार्बन डायऑक्साइड) टाकली तर फ्लेम थोडी उतरली, छताजवळचा आकडा मात्र ढिम्म. बिलेटची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग रेडिएशन किती सोडतो-शोषतो ते) ०.८ धरलीय (वर स्केल, म्हणजे ऑक्साइडचा थर, असतोच). गॅसचा फ्लो मीटरवरून घेतलाय, दारातून आत शिरणारी हवा धरली नाहीये. ईडीसी (एडी डिसिपेशन कन्सेप्ट, ज्वलनाचं जास्त तपशीलवार मॉडेल) माझ्या मशीनवर झेपत नाही, एक रन विरारहून चर्चगेटला दहा चकरा होतील एवढा वेळ खातो.

बरं, थर्मोकपल शीथमध्ये (संरक्षक नळीत) आहे, म्हणजे त्याला भिंतींचं रेडिएशनही लागणारच. मग तुलना मेशच्या त्या सेलमधल्या गॅस टेंपरेचरशी करायची की त्या जागच्या इन्सिडंट रेडिएशनवरून (तिथे येऊन पडणारं रेडिएशन) काढलेल्या तापमानाशी? आणि फ्लेमसाठी ईडीसी सोडून फ्लेमलेट (ज्वलनाचं आधीच गणित करून ठेवलेल्या तक्त्यांवर चालणारं मॉडेल) चालेल का?