बारदान्याची 'पाठ' पावसाळ्यात टिकवायची कशी?

परभणी_शिल्प: पोलिश शिल्पकार मग्दालेना आबाकानोविच यांच्या 'पाठी' (१९७६–८०) या मालिकेतल्या ८० आकृत्या गोणपाट आणि रेझिनच्या (घट्ट होणारी कृत्रिम राळ) आहेत. मोंढ्यातला जुना बारदाना घेऊन, प्लास्टरच्या साच्यात फेव्हिकॉलनं तशी एक पाठ केली. कण्याशी खचली, पावसाळ्यात मऊ पडून बुरशी आली. नेमकं चुकलं कुठं? अंबाडीचा वाख (सालीचे तंतू) चालेल का?

साचेकाम: फेव्हिकॉल ओल धरतो, म्हणून मऊ पडली. बुरशीला पोत्यातलं पीठ पुरतं. शिवाय ताग कातताना तेल लावतात, ते गेल्याशिवाय रेझिन नीट मुरत नाही. १० लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून पोतं तासभर भिजवा, खळबळून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. जरा दमट राहिलं तरी रेझिन चिकटच राहतं.

साचा पूर्ण कोरडा हवा. त्यावर लाखेचं पॉलिश, मग मेणाचे तीन हात. फेव्हिकॉलऐवजी पॉलिएस्टर रेझिन, एका वेळी अर्धा किलोच घ्या, त्यात ५ ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य). उन्हाळ्यात दुपारी ते डब्यातच आळतं, म्हणून काम पहाटे, उघड्यावर, रेझिनची वाफ अडवणारा मास्क लावून. कोबाल्ट (आळण्याला वेग देणारं द्रव्य) आधीच मिसळलेलं रेझिन मागा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो.

कापड तिरपं टाकलं की ताणतं आणि खचतं. उभा धागा कण्याच्या रेषेत ठेवा. तीन थर, कण्यावर आणि खांद्यावर चार बोटं रुंद जादा पट्ट्या. पहिल्या थरातलं जास्तीचं रेझिन टिपून घ्या, नाहीतर चकाकी येऊन पोत्याचं पोतपण जातं. माझ्या मते सगळं काम त्या पोतपणासाठीच आहे.

वाख_आणि_सुतळी: साच्यात वाख विस्कटतो, तिथं बारदानाच बरा. वाख विणकामाला घ्या. आबाकानोविच यांची १९६० च्या दशकातली लोंबती विणलेली शिल्पं, 'आबाकान', सिसलची, म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीची. टाकून दिलेले दोर उकलून, रंगवून विणलेली. जुने कासरे, चऱ्हाटं उकलणार असाल तर एक धागा जाळून बघा. नायलॉन वितळून गोळा होतो, अंबाडीची राख होते.

साचेकाम: एक राहिलं. खचते म्हणून आत थर्माकोल भरू नका. कच्चं रेझिन थर्माकोल विरघळवतं. आणि त्या पाठींना डोकं नाही, पाय नाहीत, समोरून नुसती पोकळी आहे. ती बुजवली तर राहतो तो फक्त भरीव गोळा.