डिजिटल डिझाइनमध्ये मन रमेल असं काम कसं शोधावं? सल्ला हवा

शाईवाली: छपाईचं डिझाइन येतं (लोगो, माहितीपत्रकं, पुस्तकांची मांडणी). आता स्क्रीनकडे वळायचंय. यूएक्स, यूआय, प्रॉडक्ट, मोशन ही नावं वाचून डोकं गरगरतंय. यातलं आपल्याला काय मानवेल हे कोर्सचे पैसे भरण्याआधी कळायचा काही मार्ग आहे का? आणि पोर्टफोलिओत काय ठेवू?

लंबआडवा: पदाच्या नावावर जाऊ नका. एका कंपनीतला ‘प्रॉडक्ट डिझायनर’ दिवसभर बटणं रंगवतो, दुसरीकडे तोच निम्मा आठवडा ग्राहकांशी बोलतो. त्यापेक्षा कामाची चव घेऊन बघा. एखाद्या ॲपमधलं एकच छोटं काम निवडा, उदा. पासवर्ड विसरल्यावर नवा ठेवणं, आणि तीन शनिवार-रविवार त्याला द्या.

पहिल्या खेपेला ५ जणांना ते काम करायला सांगा आणि मागे बसून फक्त बघा. मदत करायची नाही, हे सगळ्यात अवघड. मोठे अडथळे ५ जणांतच पुन्हापुन्हा दिसू लागतात. दुसऱ्या खेपेला ते स्क्रीन फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं ॲप) नव्याने बांधा. तिसऱ्या खेपेला फक्त शब्द: बटणावरचा मजकूर, चूक झाल्यावर दिसणारे संदेश, सूचना.

घड्याळाकडे लक्ष कधी गेलं नाही ते बघा. पहिल्यात रमलात तर यूएक्स रिसर्च (लोक कसं वापरतात याचा अभ्यास), दुसऱ्यात यूआय (स्क्रीनचं रूप आणि मांडणी) किंवा डिझाइन सिस्टिम (सगळीकडे वापरायचा बटणं-रंग-अक्षरांचा ठरलेला संच), तिसऱ्यात कंटेंट डिझाइन. मोशनचा अंदाज यातून येणार नाही, त्यासाठी एक बटण दाबल्यावरची हालचाल वेगळी करून बघा.

रिकामी_चौकट: पोर्टफोलिओला ३ कामं पुरेत. प्रसिद्ध ॲपचं होमपेज ‘सुंदर’ करून टाकू नका. त्या टीमच्या अडचणी आपल्याला माहीत नसतात, त्यामुळे आपले निर्णय हवेत राहतात आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. लहान पण खरी गरज घ्या: वाचनालयाची पुस्तक-नोंद, दवाखान्याची वेळ घेणं. प्रत्येक कामात नुसता भरलेला देखणा स्क्रीन नको. यादी रिकामी असताना काय दिसतं? नेट गेलं तर? नाव ४० अक्षरांचं असेल तर? निम्मे पोर्टफोलिओ इथेच उघडे पडतात.

छपाईवाल्यांच्या ठरलेल्या चुका: पान पक्क्या मापाचं धरणं (फिग्मातलं ऑटो लेआउट, म्हणजे मजकुरानुसार आपोआप लहानमोठी होणारी मांडणी, आधी शिका, ३६० पिक्सेल रुंदीपासून सुरुवात करा), आणि पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही त्या त्या फोनवरची मापाची एककं). चिन्ह लहान असलं तरी चालेल, भोवतीची दाबायची जागा लहान नको.

मराठी मजकूर असेल तर रोमन लिपीसाठी ठेवलेली १.२ ओळ-उंची (अक्षराच्या मापाच्या १.२ पट) चालत नाही, वरचा रफार नाहीतर खालचा उकार कापला जातो. १.५ पासून सुरू करा आणि ‘मूर्तींकडून’ टाइप करून बघा. हा एक शब्द वरखाली सगळं तपासतो.

शाईवाली: भारी! कोडिंग यावंच लागतं का?

लंबआडवा: लिहिता आलं नाही तरी चालेल, वाचता यावं. एचटीएमएल, सीएसएस (वेबपानं बांधायच्या भाषा) आणि त्यातलं फ्लेक्सबॉक्स (घटक ओळीत मांडायची पद्धत) एवढं झालं की ऑटो लेआउट असं का वागतं तेही उमगतं.

तिसरी_घंटा: मुलाखतीत तुम्हीही विचारा: ‘शेवटची वापर-चाचणी कधी झाली, आणि तिच्यामुळे काय बदललं?’ उत्तरात नेमका बदल सांगता आला नाही, तर तिथे संशोधन बहुधा कागदावरच आहे. डिझायनर तुम्ही एकट्याच असाल तर कामावर टीका कोण करणार, हेही विचारा. सुरुवातीच्या वर्षांत पगाराइतकंच ते महत्त्वाचं. आणि चाचणी म्हणून त्यांच्याच चालू उत्पादनाचे १०-१२ स्क्रीन फुकट मागितले तर सरळ मोबदला किती ते विचारा, किंवा त्याऐवजी जुन्या कामावर तासभर चर्चा करू म्हणा.