मदत हवी आहे: जेंटामायसिनचा झोन लहान, टेट्रासायक्लिनचा मोठा

डिस्क डिफ्यूजनच्या (जीवाणू पसरलेल्या आगरवर औषधाची चकती ठेवून भोवतीचा वाढ न झालेला गोल, म्हणजे झोन, मोजायची चाचणी) क्वालिटी कंट्रोलमध्ये ई. कोलाय एटीसीसी 25922 या प्रमाणित जीवाणूचे आकडे जुळत नाहीत. जेंटामायसिनचा (10 मायक्रोग्रॅम) झोन 19 ते 26 मिमी हवा, येतोय 17. टेट्रासायक्लिनचा (30 मायक्रोग्रॅम) 18 ते 25 हवा, येतोय 27. अँपिसिलिन मात्र व्यवस्थित 18.

इनॉक्युलम (प्लेटवर पसरलेले जीवाणू) जाड किंवा आगर जास्त ओतलं गेलं असतं तर सगळेच झोन आक्रसले असते. जीवाणूंचं सस्पेन्शन 0.5 मॅकफारलंड (गढूळपणाचं प्रमाण), 15 मिनिटांच्या आत स्वॅब, म्यूलर-हिंटन आगरची जाडी 4 मिमी, 35 अंशांवर 16 ते 18 तास. डिस्कची नवी कुपी उघडली तरी तेच. एक लहान, एक मोठा, म्हणजे संशय सरळ पीएचवर जातो: माध्यम आम्लधर्मी झालं की अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिन याच गटातलं) मंदावतं आणि टेट्रासायक्लिनला जोर चढतो. कार्बन डायऑक्साइडनेही माध्यम आम्लधर्मी होतं, पण प्लेट्स साध्या हवेतच ठेवतो, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये नाही, त्यामुळे ते कारण बाद.

पीएच ऑटोक्लेव्हच्या आधी पट्टीने पाहिला जातो, 7.3 च्या आसपास. पण खरा आकडा आगर गोठल्यावर खोलीच्या तापमानाला घ्यायचा, 7.2 ते 7.4. सपाट टोकाचा इलेक्ट्रोड इथे नाही. बीकरमध्ये साध्या इलेक्ट्रोडच्या टोकाभोवतीच आगर गोठवून कुणी मोजता का? आकडा स्थिर व्हायला किती वेळ देता? आणि उरलेलं आगर पुन्हा वितळवल्याने, किंवा ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहिल्याने पीएच इतका उतरलेला कुणी प्रत्यक्ष मोजलाय का? तोवर रुग्णांचे जेंटामायसिनचे रिपोर्ट रोखून धरले आहेत, म्हणून जरा घाई आहे.