काळ्या मातीत रस्ता न खोदता जलवाहिनी टाकता येईल का?

प्रश्न (चोपडा) : आमच्या वसाहतीची २०० मिलिमीटर व्यासाची एचडीपीई (एक प्रकारचे मजबूत प्लास्टिक) जलवाहिनी मुख्य रस्त्याखालून न्यायची आहे. किनारपट्टीवर काम केलेला ठेकेदार आडव्या ड्रिलिंगची पद्धत सुचवतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या व उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या मातीत ती योग्य ठरेल का?

उत्तर (जळगाव) : ठरेल, मात्र किनाऱ्यावरची कृती जशीच्या तशी उचलू नये. आधी दिशा बदलता येणाऱ्या टोकाने लहान बोअर पाडतात, त्याचे स्थान वरून उपकरणाने तपासत राहतात, मग रीमर या रुंदीकरणाच्या अवजाराने तो जलवाहिनीच्या साधारण दीडपट, म्हणजे आपल्याकडे ३०० मिलिमीटर, रुंद करून नळी मागे ओढून घेतात. किनाऱ्यावर वाळू ढासळते आणि बोअर टिकवण्यासाठी द्रावणात वापरली जाणारी बेंटोनाइट माती खारट पाण्यात नीट फुगत नाही. आपल्याकडे जमिनीतली चिकणमाती स्वतःच फुगून रीमरला चिकटते, म्हणून द्रावणात चिकटणे कमी करणारे पॉलिमर घालणे व ओढण्याचे काम मध्येच न थांबवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उत्तर (धुळे) : मातीचा थर किती जाड आहे, हे चाचणी-बोअर घेऊन आधी पाहा. तापीकाठचा गाळ खोल असतो, पण आमच्याकडे अनेक ठिकाणी थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो आणि तेथे खडकाची वेगळी अवजारे लागून खर्च बराच वाढतो. शिवाय २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर खोदकामाची पूर्वसूचना द्यावी; जुन्या केबलचे नकाशे हाती असले तरीही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. चाचणी-बोअरची अट निविदेत घालतो.