'पित्ताची' डोकेदुखी की अर्धशिशी? तुमचे अनुभव लिहा

मीच सुरुवात करते. नववीपासून माझं डोकं दुखायचं, उजव्या भुवईच्या वर घण घातल्यासारखं, मग मळमळ, उलटी. उलटी झाली की जरा बरं वाटायचं म्हणून घरात ठरलेलंच, पित्त झालंय. आजी सुंठ उगाळून कपाळाला लावायची, आई कोकम सरबत द्यायची आणि मी पडदे ओढून उशीखाली तोंड खुपसून पडायचे. 16 वर्षं पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, उजेड सहन होतो का, आवाज, जिना चढलं की वाढतं का, 4 तासांपासून 3 दिवसांपर्यंत टिकतं का. सगळ्याला हो. उलटी मायग्रेनचीच, म्हणजे अर्धशिशीचीच होती हो! तुमचं कसं कळलं, कशाने फरक पडला, सविस्तर लिहा.



माझं संकष्टीला हमखास. चंद्रोदय साडेनऊचा असला की आठलाच कानशील उडायला लागायचं. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली, तारीख, जेवण, झोप, पाळी, गोळी किती वाजता. 3 महिन्यांत चित्र स्पष्ट, उपाशी राहणं आणि पाळीच्या आदले दोन दिवस. सासूबाईंनीच वही वाचली आणि म्हणाल्या, उपास सोड, गणपती रागावत नाही.



मला दुखायच्या आधी डोळ्यासमोर चमकती नागमोडी रेघ येते, पुढच्या गाडीची अर्धी नंबरप्लेटच दिसेनाशी होते, वीसेक मिनिटं. पहिल्यांदा झालं तेव्हा बाईक कडेला लावून रडलो, वाटलं लकवाच. याला ऑरा म्हणतात. बहिणीलाही आहे, तिच्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांनी लगेच बदलल्या, कारण ऑरा असताना इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. बायकांनी हे आवर्जून सांगा डॉक्टरांना.



माझी चूक लिहिते. पर्समध्ये कायम पेनकिलरची स्ट्रिप, आधी आठवड्यातून एक, मग रोज सकाळी दुखायच्या आधीच एक. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर घेतल्या, असं 3 महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या, पहिले दहा दिवस नको ते आठवायला. आता रोजची प्रतिबंधक गोळी आहे. मला दमा असल्याने त्यातली प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी चालत नाही, दुसरी दिलीये, आणि अटॅकची गोळी सुरुवातीलाच घ्यायची, कारण दुखणं चढलं की पोटही मंदावतं आणि गोळी लागू पडत नाही.



प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन नसते बरं. बाबांचं डोकं 67व्या वर्षी पहिल्यांदाच दुखायला लागलं, कानशिलाला हात लावू देईनात, जेवताना जबडा दुखायचा. रक्तवाहिनीला सूज होती. त्याच दिवशी स्टिरॉइड सुरू केलं म्हणून नजर वाचली.



सगळ्यांचं वाचलं. परवा माझी सहावीतली लेक शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं आणि म्हणाली, आई पोटात ढवळतंय, तो दिवा बंद कर ना. तिची वही त्याच रात्री सुरू केली.