शेवटच्या दिवशी शर्टावर सह्या : हौस की नासाडी?

मधलीसुट्टी
मुलगा यंदा दहावीला. शाळा दादरकडची, मराठी माध्यमाची. काल पालकांच्या ग्रुपवर सूचना आली : हॉल तिकीट वाटपाच्या दिवशी कुणी गणवेशावर सह्या किंवा संदेश लिहिताना दिसलं, तर हॉल तिकीट मुलाच्या हाती न देता पालकांना बोलावून देऊ. लगेच ग्रुपमध्ये दोन तट पडले. मी शाळेच्या बाजूने आहे, आणि तिथे एकटी पडल्यामुळे इथे विचारतेय.

निरोप समारंभ जानेवारीतच झाला. मुली साड्या नेसून आल्या, नववीच्या मुलांनी गुलाब दिले, मनोगतं झाली, रडारड झाली, वडा-वेफर्स-पेढा झाला. एवढं झाल्यावर पुन्हा शर्ट कशाला रंगवायचा? शर्ट ४८० रुपयांचा, तोही ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा. दिवाळीनंतर चिरंजीवांची उंची वाढली म्हणून नवा घ्यावा लागला. बोर्डाचे पेपर झाले की तो खालच्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाला द्यायचा, असं त्याच्या आईशी बोलून बसलेय. चुकतेय का मी?

परळचा_भोंगा
चुकताय. समारंभ शाळेचा असतो हो, पाहुण्यांचा आणि माइकचा. मुलं तिथे रांगेत बसतात आणि टाळ्या वाजवतात. त्यांचा स्वतःचा निरोप शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर असतो.

आमच्या वेळी मार्कर नव्हते. शेवटचा पेपर सुटला की पेनाचं टोपण काढायचं आणि पुढच्याच्या पाठीवर शाई झटकायची. कॅमलची रॉयल ब्लू. (दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात शाईचा धंदा सुरू केला, त्यांचीच ही शाई. म्हणजे डागही मुंबईचाच.) आईने धपाटे घातले, आणि त्याच शर्टाने पुढे दोन वर्षं पंख्याची पाती पुसली.

हिशेबी
पंख्याची पाती पुसायला ४८० रुपयांचं फडकं! भोंगासाहेब, तेव्हा निदान रील करायला कुणी सह्या घेत नव्हतं. ही मुलं संध्याकाळी फोनवर भेटणार, एप्रिलमध्ये टर्फवर भेटणार, जूनमध्ये त्याच क्लासला एका बाकावर बसणार. निरोप कुणाचा कुणाला? मधलीसुट्टी, तुम्हाला +१.

खडूफळा
मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे गणवेश मोफतच मिळतो, पालिकेच्या २७ शालेय वस्तूंमध्ये. पण फुकट मिळाला म्हणून रंगवायला मोकळा, असं नसतं. तो शर्ट धाकट्याच्या अंगात जातो, नाहीतर गावी चुलत भावाकडे. त्यामुळे शर्टाच्या बाबतीत मीही मधलीसुट्टी यांच्याच बाजूने.

पण निरोप कुणाचा, असं हिशेबी विचारतात म्हणून सांगते. आमच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीपर्यंतच आहेत. तिथे हॉल तिकीट नाही की साड्या नाहीत. निकाल लागतो, दाखला घ्यायचा आणि नववीसाठी दुसरी शाळा शोधायची. मे महिन्यात गावाला गेलेली काही मुलं जूनमध्ये परत येतच नाहीत. काहींची चाळ पुनर्विकासाला जाते आणि बिऱ्हाड बदलापूरला. फोन बापाकडे, तो रात्री घरी येणार. कसला ग्रुप आणि कसलं रील?

मागे एका मुलीने परीक्षेच्या पॅडच्या मागच्या बाजूला सगळ्या वर्गाच्या सह्या घेतल्या. आता दरवर्षी सगळी तेच करतात. पॅड काही कुणाला अंगात घालायचा नसतो.

तिकीटतपासनीस
असला पॅड बोर्डाच्या परीक्षेला नेऊन दाखवा. पर्यवेक्षक आधी पॅड उलटाच करून बघतात!

खडूफळा
दादा, आठवीला बोर्ड कुठलं?

शेवटचीबेंच
एक गोष्ट इथे कुणीच काढलेली नाही. सह्या कुठे करतात? पाठीवर. आपली आपल्याला दिसत नाही तिथे.

माझी दहावी १९९८ ची. आम्हा मुलींना पांढरा कमीज होता. शेवटच्या दिवशी ओढणी काढून कंबरेला बांधली आणि पाठ दिली सगळ्यांना. कोण लिहितंय ते पेनाच्या टोकावरून ओळखायचं, असा खेळ होता. मग बेस्टची बस पकडली. कंडक्टर तिकीट फाडताना पाठीकडे बघून हसला, मागच्या सीटवरचे दोघे हसले. मला वाटलं, कौतुकाने. घरी आईने दारातच वळवून बघितलं. काही बोलली नाही. कमीज काढायला लावला, बादलीत भिजवला आणि स्वतः घासला. काय लिहिलं होतं, कुणी लिहिलं होतं, आजपर्यंत कळलेलं नाही. आई गेली, आता कळणारही नाही.

त्याच कमीजच्या खालच्या दुमडीवर माझ्या मैत्रिणीने विरारचा नवा पत्ता लिहिला होता. फोन नव्हता त्यांच्याकडे. तोही त्याच बादलीत गेला.

म्हणून शाळेच्या सूचनेला मी विरोध करणार नाही. पण कारण ४८० रुपये नाही.

परळचा_भोंगा
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या पाठीवर "गाढव" लिहिलेलं होतं, त्यावर घरचे जेवताना हसले. तुमचं वाचून मघाचा आवाज जरा खाली घेतो. तरीही सूचनेत पाठीचा विषय कुठाय? शाळेला फक्त शिस्त हवीय.

सोमवारचा_भूगोल
मी २०२० ची बॅच. नावावरून काहींना कळलंच असेल. त्या वर्षी २३ मार्चला, सोमवारी, भूगोलाचा शेवटचा पेपर होता. मार्कर माझ्याकडेच होते, चार रंगांचे. आधीच्या पेपरला आमचं ठरलं : आज शर्ट खराब करायचा नाही, सोमवारी भूगोल सुटला की करू. रविवारी जनता कर्फ्यू. पेपर आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने भूगोलाचे मार्क मिळाले.

अकरावीला कुणाचा नंबर चर्चगेटला लागला, कुणाचा ठाण्याला, आणि सगळ्यांचे वर्ग भरले मोबाईलवर. हिशेबी काका, ग्रुप आमचाही आहे. छत्तीस जण. वाढदिवसाला केकची चित्रं येतात. शेजारी बसणाऱ्याला मात्र मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

शर्ट कोराच आहे, आता खांद्यात बसत नाही. काकू, सह्या करू देऊ नका हवं तर. फक्त "पेपर झाल्यावर करा" असं तेवढं सांगू नका.

हिशेबी
करोना दरवर्षी येत नाही. पण ठीक, तुझं समजलं.

खडूफळा
शाळेबद्दल एक राहिलं. हॉल तिकीट छापून देण्याचे पैसेसुद्धा घेऊ नका, असं मंडळ शाळांना बजावतं. ते शर्टासाठी धाकाला वापरायचं, हे मला शिक्षिका म्हणूनही पटत नाही. मधलीसुट्टी, मुख्याध्यापकांना तेवढं विचारा.

मधलीसुट्टी
विचारते. धाकाचं मलाही खटकलं होतं, पण शाळेची बाजू घेताना गिळलं.

मुलाला हा सगळा धागा वाचून दाखवला. तर यांचं आठवड्यापूर्वीच ठरलंय! नववीतला आखूड झालेला शर्ट दप्तरात न्यायचा आणि शाळा सुटल्यावर मैदानापलीकडे अंगावर चढवायचा. ग्रुपवर माझ्याशी भांडणाऱ्या निम्म्या आयांना हे माहीत होतं. मी अजून शाळेच्याच बाजूने आहे, पण घरातला काळा मार्कर गेलाय. टोपण लावून परत आण म्हटलंय.

शेवटचीबेंच
आणि पाठीचं सांगितलंत?

मधलीसुट्टी
सांगितलं. "मुली बाहीवरच घेतात गं, तेही समोर उभं राहून," म्हणाला. कुणी शिकवलं विचारलं, तर खांदे उडवून गेला.